आकड्यांत हरवलेली नावे : कुतचे युद्धकैदी आणि त्यांचे स्मारक

फ्रान्सच्या उत्तरेला नव्ह शापेल गावाबाहेर पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांचे एक गोलाकार स्मारक आहे. १९२७ मध्ये ते उभे राहिले. पश्चिम आघाडीवर मारल्या गेलेल्या आणि ज्यांची कबर सापडत नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे त्याच्या भिंतीवर कोरली आहेत. १९६४ मध्ये तिथे ब्राँझचा आणखी एक पत्रा बसवण्यात आला. त्यावर २१० नावे आहेत. ही माणसे फ्रान्समध्ये लढताना मेली नव्हती. जर्मनांच्या हाती सापडून ती बर्लिनजवळच्या छावणीत कैदी म्हणून राहिली आणि तिथेच आजारपणात गेली. झेहरेन्सडॉर्फ येथील त्यांची दफनभूमी पुढे पूर्व जर्मनीत, लष्करी हद्दीत अडकली आणि तिची देखभाल अशक्य झाली. म्हणून त्यांची नावे फ्रान्समध्ये आणून लावली. पुढे ती दफनभूमीही दुरुस्त झाली. कैदेत मेलेल्या या २१० जणांची अशी दोनदा दखल घेतली गेली, आणि ते योग्यच झाले.

त्याच युद्धात तुर्कांच्या कैदेत मेलेल्या भारतीयांची संख्या याच्या दहापटीहून अधिक होती. त्यांत सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या भागांतल्या मराठा पलटणींचे शिपाई होते. त्यांचे स्मारक इराकमध्ये बसऱ्याजवळ आहे. त्या स्मारकावर पलटणीचे नाव आहे, गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे आहेत, सुभेदार-जमादारांची नावे आहेत. त्याखाली साध्या शिपायांसाठी ‘आणि इतर इतके भारतीय सैनिक’ अशा अर्थाची एक ओळ आणि एक आकडा आहे.

हे असे कसे झाले हे समजण्यासाठी १९१४ च्या ऑक्टोबरपासून सुरुवात करावी लागते.

युरोपात युद्धाला तोंड फुटले तेव्हा तुर्कस्तान अजून त्यात उतरला नव्हता, पण तो जर्मनीच्या बाजूने उतरणार हे दिसत होते. इराणच्या आखाताच्या टोकाशी अबादान येथे अँग्लो-पर्शियन कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलाकडे वळत होते, त्यामुळे या तेलाला मोल आले होते. त्या कारखान्याचे आणि आखातातल्या ब्रिटिश वर्चस्वाचे रक्षण करण्याचे काम हिंदुस्थान सरकारवर आले आणि त्यासाठी निवड झाली सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनची. तिचे पहिले जहाजी पथक ऑक्टोबरच्या मध्यात मुंबईहून निघाले. ६ नोव्हेंबरला फाव येथे सैन्य उतरले आणि महिना संपायच्या आत बसरा शहर हाती आले.

या डिव्हिजनच्या तिन्ही ब्रिगेडांत एकेक मराठा पलटण होती. सोळाव्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा, सतराव्यात १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि अठराव्यात ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. पलटणींच्या नावात मराठा असले तरी त्यांत देशावरचे मराठे, कोकणातले मराठे आणि दख्खनी मुसलमान अशा वेगवेगळ्या कंपन्या असत. त्यांच्याबरोबर भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले, धोबी, सफाई करणारे असे हजारो बिनलढाऊ लोक होते. युद्धाच्या बखरींत या लोकांना जागा मिळत नाही, पण पुढे जे घडले त्यात त्यांनाही शिपायांइतकेच सोसावे लागले.

तेलाचे रक्षण एवढाच हेतू असता तर बसरा घेतल्यावर काम संपले होते. पण विजयाची चटक लागली. १९१५ च्या एप्रिलमध्ये शैबा येथे तुर्कांचा मोठा हल्ला परतवला गेला. त्याच सुमारास सरसेनापती म्हणून जनरल निक्सन आणि सहाव्या डिव्हिजनचा प्रमुख म्हणून मेजर जनरल चार्ल्स टाऊनशेंड आला. जूनच्या सुरुवातीला टायग्रिस नदीवरचे अमारा गाव जवळजवळ न लढता पडले. सप्टेंबरअखेर कुत-अल-अमारा हाती आले. आता बगदाद नकाशावर अगदी जवळ दिसू लागले. गॅलिपोलीच्या आघाडीवर ब्रिटिशांची नामुष्की होत होती आणि लंडनला व सिमल्याला कुठेतरी ठसठशीत विजय हवा होता. बसऱ्यापासून रसद नदीवाटे यायची, उथळ पाण्यात चालणाऱ्या आगबोटी पुरेशा नव्हत्या, दवाखान्यांची सोय जेमतेम होती. टाऊनशेंडने स्वतः या धाडसाबद्दल शंका बोलून दाखवली होती. तरी हुकूम सुटला.

२२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या दक्षिणेस टेसिफॉन येथे गाठ पडली. प्राचीन इराणी राजवाड्याची प्रचंड कमान त्या मैदानात आजही उभी आहे. पहिल्या दिवशी तुर्कांची आघाडीची फळी फुटली, पण त्यांच्याकडे राखीव फौज होती आणि टाऊनशेंडकडे काहीच नव्हते. त्याची साडेचार हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांत घालून नदीपर्यंत नेले गेले. बोटींवर त्यांची जी दैना झाली तिच्यावर पुढे ब्रिटिश पार्लमेंटने नेमलेल्या चौकशी आयोगाने १९१७ मध्ये कठोर ताशेरे ओढले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. उरलेले सैन्य मागे हटत ३ डिसेंबरला कुतला पोचले. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पूर्ण झाला.

कुत गाव टायग्रिसच्या एका मोठ्या वळणात वसलेले आहे. तीन बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूला खंदक. गावात सुमारे सहा हजार अरब रहिवासीही अडकले. नाताळच्या आदल्या दिवशी तुर्कांनी खंदकांच्या टोकाशी असलेल्या मातीच्या किल्ल्यावर मोठा हल्ला चढवला. तिथे सतरावी ब्रिगेड होती. हातघाईची लढाई होऊन हल्ला परतवला गेला. त्यानंतर तुर्कांनी गाव हल्ल्याने घेण्याचा नाद सोडला आणि उपासमारीवर भिस्त ठेवली.

या वेढ्यातली सर्वांत महाग चूक शिधा मोजण्यात झाली, असे माझे मत आहे. टाऊनशेंडने सुरुवातीला आपल्याकडे फार थोड्या दिवसांचे धान्य आहे असे कळवले. त्यामुळे सुटकेसाठी आलेल्या फौजेने पुरेशी तयारी न करता जानेवारीतच घाईघाईने हल्ले केले आणि ते चिखलात, पावसात, तुर्कांच्या मशीनगनपुढे मोडून पडले. पुढे गावातली घरे तपासल्यावर धान्याचे मोठे साठे सापडले आणि कुत एप्रिलअखेरपर्यंत तग धरू शकले. हा हिशेब डिसेंबरात नीट झाला असता तर सुटकेची फौज थांबून, जमून, ताकदीने आली असती. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मेली वा जखमी झाली. आत अडकलेल्यांपेक्षा ही संख्या जास्त आहे.

शिधा आटत गेला तसे घोडे आणि खेचरे मारून खाणे सुरू झाले. ब्रिटिश शिपायांनी ते खाल्ले. भारतीय शिपायांपैकी बहुतेकांनी कित्येक आठवडे हात लावला नाही. धर्मभ्रष्ट होण्याची भीती होती आणि त्याहून अधिक भीती गावी परतल्यावर जातभाई काय म्हणतील याची होती. टाऊनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून घोड्याचे मांस खाण्यास परवानगी मागवली, ती तारायंत्राने आली, तरीही मने वळायला एप्रिल उजाडला. तोपर्यंत त्यांच्या वाट्याला आलेले कणकेचे माप पाच औंसांच्या आसपास, म्हणजे दीडशे ग्रॅमच्याही खाली घसरले होते. भाजी मुळीच नव्हती. नदीकाठचे गवत आणि रानपाला उकडून खाल्ला जाई. सतराव्या ब्रिगेडचा प्रमुख जनरल हॉटन एप्रिलमध्ये वारला, तो अशाच रानभाजीच्या विषबाधेने असे मानले जाते. स्कर्व्हीने हिरड्या सुजून दात हलू लागले आणि जुन्या जखमा पुन्हा उघडू लागल्या. तुर्कांच्या बाजूने भारतीय भाषांतली पत्रके येत होती: गोऱ्या अधिकाऱ्यांना मारा आणि आमच्याकडे या. काहीजण पळालेही. बहुतेक राहिले.

एप्रिलमध्ये विमानांतून धान्याच्या गोण्या टाकण्याचा प्रयत्न झाला. वेढ्यातल्या सैन्याला विमानाने रसद पुरवण्याचा हा जगातला पहिलाच प्रयत्न मानला जातो. धान्य दळायला जाते नाही म्हणून जात्याच्या तळ्याही विमानातून टाकल्या गेल्या. पण त्या काळच्या विमानांची ताकद ती किती! दोन आठवड्यांत सात-आठ टन माल आला, त्यातला काही नदीत आणि काही तुर्कांच्या खंदकांत पडला. २४ एप्रिलच्या रात्री २७० टन धान्य भरलेली ‘जुलनार’ ही आगबोट तुर्कांच्या तोफांसमोरून घुसवण्यात आली. तुर्कांनी नदीवर आडव्या बांधलेल्या तारांत ती अडकली आणि धान्यासकट त्यांच्या हाती गेली. शेवटचा उपाय म्हणून तुर्की सेनापती खलील पाशाला आधी दहा लाख आणि मग वीस लाख पौंड देऊ केले गेले. पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स त्या बोलणीत होता. खलीलने नकार दिला.

२९ एप्रिल १९१६ ला कुत पडले. त्याच दिवसांत बेळगावला मुंबई प्रांतिक परिषद भरली होती आणि टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. बेळगाव हे मराठा शिपायांच्या ओळखीचे लष्करी ठाणे. एकाच आठवड्यात मराठी मुलखाच्या दोन इतिहासांनी वळण घेतले. त्यातला एक आपण शाळेत शिकलो आणि दुसरा जवळजवळ पूर्ण विसरलो.

कुतमध्ये शरण आलेल्यांची अधिकृत मोजदाद अशी होती: २७७ ब्रिटिश अधिकारी, २०४ भारतीय अधिकारी, २,५९२ ब्रिटिश शिपाई, ६,९८८ भारतीय शिपाई आणि ३,२४८ बिनलढाऊ लोक. एकूण १३,३०९. अत्यवस्थ असलेल्या हजाराहून अधिक जणांची तुर्की कैद्यांच्या बदल्यात लगेच सुटका झाली. कुतच्या गावकऱ्यांवर इंग्रजांना मदत केल्याचा ठपका ठेवून तुर्कांनी त्यांतल्या काही प्रमुखांना फासावर लटकवले.

कैद्यांना सन्मानाने वागवू असे आश्वासन खलीलने दिले होते. टाऊनशेंडच्या बाबतीत ते तंतोतंत पाळले गेले. त्याला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, नोकरचाकर मिळाले आणि कैदेत असतानाच ब्रिटिश सरकारकडून ‘सर’ हा किताबही मिळाला. इतर अधिकाऱ्यांना अनातोलियातल्या योझगाद, कास्तामोनू, अफ्योन कराहिसार अशा गावी ठेवले. कैद त्यांनाही सोपी नव्हती, पण त्यांना पगार मिळे, पत्रे लिहिता येत. परतल्यावर त्यांच्यातल्या अनेकांनी पुस्तके लिहिली. मेजर सँडीस याचे ‘इन कुत अँड कॅप्टिव्हिटी’ हे त्यांतले नावाजलेले. कुतबद्दल जगाला जे माहीत आहे ते बहुतांशी या पुस्तकांतून.

शिपायांची गोष्ट निराळी. त्यांना आधी नदीच्या वरच्या अंगाला नऊ मैलांवर शुमरान येथे चालवत नेले. पाच महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसांना तिथे तुर्की लष्करी बिस्किटे दिली गेली. जाडीभरड्या पिठाची, तुसासकट भाजलेली, दगडासारखी कडक. नदीच्या गढूळ पाण्यात भिजवून ती खाल्ल्यावर हगवणीची साथ लागली आणि पहिल्या काही दिवसांतच शेकडो माणसे मेली. मग अधिकाऱ्यांना शिपायांपासून वेगळे केले गेले. हिंदू, शीख आणि मुसलमान शिपायांनाही एकमेकांपासून अलग काढले गेले. पलटण म्हणून असलेला शेवटचा आधार तिथे तुटला. आजाऱ्याला उचला, मागे राहिलेल्याची वाट पाहा, पाणी आधी कोणाला द्यायचे ते ठरवा, हे सांगणारा कोणी उरला नाही.

६ मेच्या सुमारास कूच सुरू झाले. बगदादहून समारापर्यंत रेल्वे होती. तिथून पुढे तिक्रित, मोसूल, निसिबिन आणि शेवटी रास-अल-ऐन, जिथे इस्तंबूलकडून येणारी रेल्वे तेव्हा येऊन थांबली होती. मधला शेकडो मैलांचा रस्ता पायी, आणि तोही मेसोपोटेमियाच्या मे-जून महिन्यांत. पहारेकऱ्यांनी पहिल्याच मुक्कामांत बूट, कोट आणि पाण्याच्या बाटल्या हिसकावून घेतल्या. ज्यांचे बूट वाचले त्यांनी ते मूठभर खजुरांसाठी किंवा भाकरीसाठी वाटेत विकले आणि पायांना चिंध्या गुंडाळून पुढची वाट धरली. चालता येईना ते मागे पडत. मागे पडलेल्यांचे काय झाले हे मागून येणाऱ्या तांड्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले: मातीच्या झोपड्यांत, धर्मशाळांच्या अंगणांत, उघड्यावर हगवणीने मरत पडलेली माणसे.

या वाटेवर त्यांच्याआधी आणखी एक हत्याकांड होऊन गेले होते. रास-अल-ऐन हे आर्मेनियन लोकांना हाकलून आणण्याचे आणि मारण्याचे एक केंद्र होते. कैद्यांना ओसाड गावे लागली, प्रेते टाकल्याने नासलेल्या विहिरी लागल्या, अनाथ मुले भेटली. हे आपल्याला एका भारतीय कैद्याच्या लेखणीतून कळते. शिशिर सर्बाधिकारी हा बंगाल अँब्युलन्स कोअरमधला स्वयंसेवक. त्याने रोजनिशीची पाने फाडून बुटात लपवली, आणि कित्येक वर्षांनी त्यांतून ‘अभि ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक उभे केले. कॅप्टन कल्याण मुखर्जी हा बंगाली डॉक्टरही कुतमधून कैदेत गेला होता. रास-अल-ऐनच्या छावणीत टायफसच्या रोग्यांवर उपचार करताना त्यालाच तो रोग जडला आणि मार्च १९१७ मध्ये तो वारला. त्याच्या वृद्ध आजीने, मोक्षदा देवींनी, त्याची पत्रे गोळा करून ‘कल्याण प्रदीप’ लिहिले. कुतच्या कैदेकडे भारतीय डोळ्यांनी पाहण्याची ही दोन पुस्तके आहेत आणि दोन्ही बंगालीत आहेत. लढवय्या पलटणींपैकी तीन मराठ्यांच्या असूनही शिपायाच्या हातचे असे पुस्तक मराठीत माझ्या पाहण्यात नाही, याचे मला फार वाईट वाटते. बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हते. ज्यांना येत होते त्यांना कोणी विचारले नाही.

रास-अल-ऐनला पोचलेल्या भारतीय कैद्यांना बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपले गेले. माती खणणे, भराव घालणे, खडी फोडणे. ब्रिटिश शिपायांपैकी पुष्कळांना आणखी पुढे, अमानस आणि तोरोस डोंगरांतल्या बोगद्यांवर नेले. तिथे ते माश्यांसारखे मेले. ब्रिटिश शिपायांतले सत्तर टक्के कैदेत मेले किंवा बेपत्ता झाले. भारतीय शिपाई आणि बिनलढाऊ मिळून किमान अडीच हजार, काही हिशेबांनी तीन हजारांच्या आसपास परत आले नाहीत. नक्की आकडा सांगता येत नाही याचे कारण साधे आहे. तुर्कांनी याद्या ठेवल्या नाहीत, आणि ज्यांनी ठेवायला हव्या होत्या ते अधिकारी शुमरानलाच वेगळे केले गेले होते. १९१८ च्या अखेरीस तुर्कस्तान शरण आला तेव्हा उरलेले कैदी सुटले. त्यांतले कित्येक त्यानंतरही कित्येक महिने दवाखान्यांत होते.

बगदाद ११ मार्च १९१७ ला जनरल मॉडच्या फौजेने घेतले होते. त्याच एप्रिलमध्ये शहराच्या उत्तर वेशीजवळ दफनभूमी सुरू झाली. बगदाद नॉर्थ गेट वॉर सिमेटरी हे तिचे नाव. मॉड स्वतः त्याच वर्षी नोव्हेंबरात पटकीने वारला आणि तिथेच त्याची समाधी आहे. युद्धानंतर उत्तर इराकमधल्या आणि अनातोलियातल्या कैद्यांच्या कबरी उकरून अवशेष इथे आणण्यात आले. पहिल्या महायुद्धातले ४,१६० जण इथे नावानिशी नोंदले आहेत. २,७२९ कबरी अनोळखी आहेत. अनातोलियात मेलेल्या काही कैद्यांच्या नोंदीपुढे ‘अंगोरा मेमोरियल’ अशी खूण आहे. अंगोरा म्हणजे आजचे अंकारा. म्हणजे माणूस मेला अनातोलियात आणि त्याच्या नावाचा दगड बगदादला.

ज्यांचे अवशेषही सापडले नाहीत त्यांच्यासाठी बसऱ्याचे स्मारक. एडवर्ड वॉरन या वास्तुविशारदाने ते आखले आणि २७ मार्च १९२९ ला सर गिल्बर्ट क्लेटन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. १९१४ च्या शरद ऋतूपासून ऑगस्ट १९२१ पर्यंत मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४०,५०० हून अधिक सैनिकांचे हे स्मारक. त्यांतले बहुसंख्य भारतीय. त्या भारतीयांतले बहुसंख्य साधे शिपाई. आणि त्या साध्या शिपायांपैकी एकाचेही नाव त्या भिंतीवर नाही.

स्मारके उभारणारे इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन १९१७ मध्ये स्थापन झाले तेव्हा त्याचे तत्त्व स्पष्ट होते: मृत्यूत हुद्दा, वंश, धर्म असा भेद नाही, प्रत्येकाचे नाव दगडावर. फ्रान्समध्ये ते पाळले गेले. मेसोपोटेमियात मोडले गेले. तिथल्या अडचणी खऱ्या होत्या हे मान्य केले पाहिजे. अमारातल्या दफनभूमीत जमिनीतल्या क्षारांनी दगड झिजू लागले म्हणून १९३३ मध्ये ते काढून नावे भिंतीवर घ्यावी लागली. भारतीय सैनिकांच्या दफनाच्या नोंदीही अपुऱ्या होत्या. अमाराच्या नदीपलीकडच्या भारतीय दफनभूमीत सुमारे ५,००० जण आहेत आणि त्यांतल्या फक्त ९ जणांची ओळख पटते. पण बसऱ्याच्या भिंतीला कबरीची नोंद लागत नव्हती, फक्त पलटणीची मृतांची यादी लागत होती, आणि ती होती. ब्रिटिश शिपायाचे नाव त्याच भिंतीवर, त्याच हवेत, त्याच दगडावर कोरले गेले. भारतीय शिपायाचे घरचे इतक्या दूर येणार नाहीत, आले तरी त्यांना वाचता येणार नाही, मग नावाची गरज काय, असा विचार त्यामागे असावा. नव्ह शापेलला युरोपचे लोक येऊन पाहणार होते. बसऱ्याला कोण येणार होते?

यात आणखी एक गोष्ट आपल्याला चटकन कळते आणि त्या अधिकाऱ्यांना कळली नाही. हिंदू शिपायाला अग्नी मिळाला असेल तर त्याची कबर कधीच नसणार. ज्याला वाटेत अग्नीही मिळाला नाही, त्याचे तर काहीच नाही. त्याच्यासाठी दगडावरचे नाव ही एकमेव जागा होती. तीही नाकारली गेली. पलटणींना मात्र मान मिळाला. कुतच्या बचावाचा युद्धसन्मान त्यांना दिला गेला आणि ११७ व्या मराठा पलटणीला १९२१ मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३,००० हून अधिक नावे आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि अफगाण युद्धात पडलेल्यांची. तिथेही मेसोपोटेमियाच्या मृतांचा शोध घेऊन उपयोग नाही.

बसऱ्याच्या स्मारकाच्या नशिबी आणखी वनवास होता. मुळात ते शहराच्या उत्तरेला आठ किलोमीटरवर माकिल येथे आरमारी गोदीच्या आवारात होते. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या सरकारच्या हुकमाने ते सगळे उतरवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर, आखाती युद्धाच्या रणभूमीत नेऊन उभे केले. २००३ नंतरच्या अस्थिरतेत तिथे आणि बगदादच्या दफनभूमीत नियमित देखभाल होऊ शकली नाही. इराकमधल्या सर्व मृतांची नावे असलेले दोन खंड मग इंग्लंडमध्ये मेडनहेड येथील कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या कार्यालयात ठेवण्यात आले.

२०२१ मध्ये कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल बाहेर आला. आशिया आणि आफ्रिकेतल्या ४५,००० ते ५४,००० सैनिकांची स्मृती असमान रीतीने जपली गेली आणि किमान १,१६,००० जणांची नावानिशी नोंदच झाली नाही किंवा मुळीच झाली नाही, असे अहवालात म्हटले होते. त्या काळातले पूर्वग्रह आणि वंशभेद हे कारण त्यात स्पष्ट शब्दांत नोंदले होते. कमिशनने माफी मागितली. २२ एप्रिल २०२१ रोजी ब्रिटनचे संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनीही हाऊस ऑफ कॉमन्समध्ये माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, ती मागितली गेली हे चांगले झाले. पण माफीने भिंतीवर अक्षरे उमटत नाहीत.

आपल्याकडेही हिशेब फार वेगळा नाही. सातारा-कोकणातल्या पुष्कळ गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर इंग्रज सरकारने बसवलेली संगमरवरी पाटी असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले आणि त्यांतले इतके मेले, एवढाच तिचा मजकूर. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे गाव तर लष्करी परंपरेमुळे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पण पाटीवरचे ते लोक कोण, हे बहुतेक गावांत आज कोणाला सांगता येत नाही. बसऱ्याच्या भिंतीवर जो आकडा आहे, त्याच आकड्याचा एक तुकडा आपल्या गावच्या भिंतीवर आहे.

नावे मात्र आहेत. दगडावर नसली तरी कमिशनच्या नोंदवहीत आहेत, आणि ती नोंद आता इंटरनेटवर कोणालाही मोफत पाहता येते. बसरा मेमोरियल निवडून १०३, ११० किंवा ११७ क्रमांकाची मराठा पलटण शोधली की शिपायांची नावे एकाखाली एक येतात. अनेकांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा आहे. स्पेलिंगे वाकडीतिकडी आहेत, इंग्रज कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले. पण गावच्या माणसाला ती ओळखू येतील.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या गावाचे आणि तालुक्याचे नाव त्या यादीत शोधा. सापडलेली नावे मराठीत नीट लिहून काढा, जुन्या माणसांना दाखवून घराणी पटवून घ्या. ज्या गावात ती संगमरवरी पाटी आहे, तिथे तिच्या शेजारी दुसरी पाटी बसवायला ग्रामपंचायतीला फार खर्च येणार नाही. शाळेतल्या मुलांनी एका उन्हाळी सुट्टीत हे काम पुरे करावे. बसऱ्याची भिंत आपल्या हातात नाही. गावची भिंत आहे.